मंगळवारच्या गोळ्या

"जेवण नाही, तर ही गोळी नाही. घास पोटात गेला की त्याच्यामागून गोळी. रिकाम्या पोटी घेऊन उपयोग नाही, कळलं काय मावशी?"

डहाणूच्या डायलिसिस सेंटरातल्या शितल सिस्टरने हे अगदी सुरुवातीला सांगितलं होतं. हिराबाईने तेव्हा मशीनला जोडलेला हात न हलवता दुसऱ्या हातानेच नमस्कार केला होता. देवळात कुणी नेम सांगावा नी आपण तो घ्यावा, तसा. नंतर किती सोमवार नी किती गुरुवार सायवनहून पहिली जीप धरून ती त्या खुर्चीत जाऊन बसली, पण त्या जाड पांढऱ्या गोळीचा नेम तिने एकदाही मोडला नाही. अन्नातलं फॉस्फरस ही गोळी पोटातच अडवते, असं सिस्टरने समजावलं होतं. त्यातलं फॉस्फरस ती विसरली. नेम लक्षात राहिला.

आता वापीला गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गोळी तीच होती, फक्त जास्त वेळा घ्यायची होती. घरी आल्यानंतरचा हा पहिलाच मंगळवार, आणि मंगळवारी हिराबाई दिवे लागेपर्यंत जेवत नसे. म्हणून त्या दिवशी तिने गोळ्यांचा डबा उघडलाच नाही. आपलं काही चुकतंय असं तिच्या मनातही आलं नाही.

सकाळी उपासावरून घरात दोन तट पडले होते.

"आई, टाके सुकले नाहीत अजून," प्रविण म्हणाला. "एक मंगळवार सोडलास तर देवी काय कासरा लावून ओढत नेणार आहे तुला?"

चैत्या ओट्यावर दाढी करत होता. तो आरशातूनच बोलला, "तिला सांगून काय उपयोग? लग्न झाल्यापासून माझं एक तरी ऐकलंय काय?"

निलम सासूच्या बाजूने उभी राहिली. "आईंचा मंगळवार लक्ष्याभावजींसाठी आहे. असा मधेच सोडतात का? घोटभर चहा घेतील. दिवे लागले की जेवतील."

"तू नी तुझे वार," प्रविण फुगून म्हणाला. निलमचे स्वतःचे सोमवार, गुरुवार असत. हिराबाईने सुनेकडे पाहून डोळे हलकेच मिटले, उघडले. सासू-सुनेचं एवढ्यात भागलं.

लक्ष्या म्हणजे चैत्याच्या धाकट्या भावाचा, चिमणचा एकुलता मुलगा. पोरबंदरच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, नी समुद्रात हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्यांनी बोटीसकट धरून नेला. तेव्हापासून तो कराचीच्या तुरुंगात आहे एवढंच कळलं होतं. आहे, हे सुद्धा निसटून आलेल्या दुसऱ्या एका बोटीच्या तांडेलाने, म्होरक्याने, सांगितलेलं. त्या दिवसापासून हिराबाईने मंगळवार धरला होता.

चिमण नी जमना दुपारी उधव्याहून आले. जमनाने येतानाच तोंड सोडलं होतं.

"बघू गं वहिनी, गळा बघू. अगं बाय! हार घातल्यासारखा चिरलाय. एवढं कापून काय काढलं म्हणे?"

"चार दाणे," चैत्याने सांगितलं. बायकोच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायला त्याला आता आवडायला लागलं होतं. "सगळ्यांच्या गळ्यात असतात. तुझ्या पण आहेत. तांदळाएवढे असायला पाहिजेत, हिचे चिंचोक्याएवढे झालेले. किडनी बसली की ते फुगतात नी हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तात टाकतात. म्हणून हिला खाटेवरून उठवत नव्हतं."

"मग चारी काढले?"

"चारी. नी त्यातल्या एकाचे तुकडे करून इथे, हातात पेरले." त्याने हिराबाईचा उजवा हात उचलून पट्टी दाखवली. "अगदीच नसून चालत नाही म्हणे. इथून काम करतील."

जमनाने पट्टीवर बोट टेकवलं. "माणसात पण पेरणी करायला लागले. उगवलं तर आम्हाला पण द्या दोन दाणे."

हिराबाई हसली. हसताना ओठांच्या कडेला काहीतरी चुरचुरलं. पदराच्या टोकाने तिने तोंड पुसलं. चुरचुर गेली नाही.

चिमण हसला नाही. तो ओट्याच्या खांबाला टेकून समोरच्या शेतात बघत होता. भात लोंबीवर आलं होतं. मागच्या खेपेला भात असंच उभं असताना लक्ष्याचा पोरबंदरहून फोन आला होता: बाबा, कापणीला येतो. चिमणने त्यानंतर कुणाला विचारायचं ठेवलं नव्हतं. मासळीच्या कचेरीत विचारलं, सरपंचाला विचारलं, ज्याने बोटीवर लावलं त्या दलालाच्या दारात बसून राहिला. सगळे सांगायचे, चौकशी चालू आहे. नाही असं सुद्धा कुणी सांगत नव्हतं.

"भाऊजी, चहा घ्या ना," हिराबाई म्हणाली.

"घेतो वहिनी. तुझा उपास आहे नं आज?"

"मंगळवार नाही काय?"

चिमणने मान हलवली. या घरात आपल्या लक्ष्यासाठी कुणीतरी उपाशी बसतं, एवढ्यासाठीच तो मंगळवारी यायचा. हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

उन्हं उतरली तशी हिराबाई जास्तच गप्प झाली. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या होत्या. उपासाने असेल, तिला वाटलं. निलम चुलीपाशी होती. जमनाने हळदीच्या पानात वाफवून आणलेला काकडीचा गोड पदार्थ तिने ताटात काढला, भात वाढला, ताट ओट्यावर सासूपुढे ठेवलं, आणि दिवा लावायला देवघराकडे वळली. तेवढ्यात ओट्यावरून जमनाची हाक आली.

"आई गं! आली! वहिनीच्या अंगात आली!"

चिमणने ते सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं. हिराबाईने ताटाकडे हात नेला आणि तो अर्ध्यातच वाकडा झाला. मनगट आत मुडपलं, बोटं एकाला एक चिकटून सरळ झाली, अंगठा तळव्यात शिरला. कुंकवाची चिमूट धरून द्यायला पुढे केल्यासारखा हात. मग दुसरा हात. मग तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि गळ्यातून बारीक, ताणलेला आवाज निघाला.

पूर्वी हिराबाईच्या अंगात देवी यायची. महालक्ष्मीच्या यात्रेत यायची, नवरात्रात यायची. आसपासच्या पाड्यांतून माणसं विचारायला जमत. मग मशीन सुरू झालं नी देवी यायची थांबली. रक्त बाहेर काढून धुतलेल्या अंगात ती कशी येणार, असं लोक म्हणाले. हिराबाईने त्यावर कधी काही म्हटलं नाही.

आणि आता गळा मोकळा झाला, नी ती आली. चिमणच्या मनात दुसरा विचारच शिरला नाही. त्याने डोक्याची टोपी काढून बाजूला टाकली आणि कपाळ ओट्याच्या सारवणावर टेकलं.

"आई, माझा लक्ष्या. येणार काय तो? एवढंच सांग. येणार नसेल तर तसं सांग, मी ऐकून घेईन. पण सांग."

जमना केस सोडून पायाशी पडली होती. चैत्या हात जोडून उभा होता. शेजारच्या दोघी-तिघी कुंपणापाशी आल्या आणि तिथेच थबकल्या.

निलम हातात दिवा घेऊन बाहेर आली. आधी तिचा मोकळा हात आपोआप छातीशी गेला. लग्न होऊन आल्या वर्षी तिने देवी आलेल्या सासूचे पाय दुधाने धुतले होते. तेव्हा हिराबाईचे डोळे कुणाकडेच बघत नसत. वारा शेतावरून जातो तसे ते माणसांवरून जात.

आता ते डोळे बघत होते. सगळ्यांना सोडून निलमलाच धरून होते.

ओठांना मुंग्या, बोटं वळणं, असं काही झालं तर थांबायचं नाही. वापीच्या डॉक्टरांनी सुट्टी देताना हे प्रविणला नी तिला शेजारी बसवून सांगितलं होतं. तिला ते आता आठवलं, आणि तरी पाय उचलेना. समजा ती असली तर? देवी बोलायला आलीय आणि घरची सून मधे हात घालते, याहून मोठं पाप कुठलं? आई, तू असलीस तर माझ्यावर कोप, तिने मनात म्हटलं. घरावर नको.

तिने दिवा जमिनीवर ठेवला आणि चिमणला ओलांडून सासूपाशी गेली.

"आई, ओठ बधिर झालेत?"

हिराबाईने पापण्या मिटून उघडल्या. डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो, शेजारच्या हिरूला जीप काढायला सांगा. पटकन."

"निलम!" चिमणने मान वर केली. कपाळाला माती लागली होती. "हात लावू नको. ती बोलतेय."

"काका, देवी नाही ही. आई आजारी आहेत."

कुंपणापाशी कुणीतरी श्वास आत ओढला.

"तोंड आवर गं!" जमना उठून बसली. "अंगात आलेल्या बाईला आजारी म्हणतेस? रोज दिवा लावणारी तू, नी तुला एवढं कळत नाही?"

"दोन मिनिटं," चिमण म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "पोरी, दोन मिनिटं दे. माझं उत्तर येऊ दे. मग ने तिला कुठे न्यायचं तिथे. तुझ्या पाया पडतो." आणि तो खरंच वाकला. निलम मागे सरकली. काकांनी आपल्या पायाला हात लावावा, हे तिला त्या वळलेल्या बोटांपेक्षा भयंकर वाटलं.

"बाबा?" तिने सासऱ्याकडे पाहिलं.

चैत्याने भावाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. दोघांच्या मधे तो असा कधी सापडला नव्हता. "दोन मिनिटांनी काय होतंय, प्रविण?"

प्रविण हिरूला हाक मारून परत आला होता. सकाळपासून तो बायकोवर फुगलेला होता. आता तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"बाबा, दोन मिनिटं नाहीत आपल्याकडे," तो म्हणाला, आणि त्याने आईला उचललं. चैत्याने आधाराला डावा हात धरला.

"तो नको बाबा, तो मशीनचा हात," निलम म्हणाली.

जीप निघाली तेव्हा चिमण आंगणात उभा होता. टोपी अजून ओट्यावरच पडली होती. तो ओरडला नाही. त्याने नेहमीच्या आवाजात विचारलं, आणि इंजिनाच्या घरघरीतही निलमला ते नीट ऐकू आलं.

"तुला कसं कळलं गं, ती नव्हती? तू कशावरून सांगितलंस?"

कासा गावापर्यंतचा रस्ता हिराबाईने सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून काढला. प्रत्येक खड्ड्याला दोरीला पीळ घालावा तसं अंग पिळलं जात होतं. तिला माहीत होतं, ही देवी नाही. देवी यायची तेव्हा अंग हलकं व्हायचं, आपलं म्हणून काही उरायचंच नाही. आता सगळं आपलंच होतं. दुखणं, भीती, दातात दात अडकलेलं तोंड. चिमणभाऊजी कपाळ टेकून विचारत होते आणि तिला ओरडून सांगायचं होतं, भाऊजी, उठा, मी आहे, नुसती मी आहे. जीभ वळली नाही. त्यांनी आपल्याला देव समजून विचारलं, नी आपण नुसतं बघत राहिलो.

"आई, माझ्याकडे बघा," निलम म्हणत होती. "श्वास घ्या. हळू. मी म्हणते तसा घ्या." मग ती देवीचं नाव घ्यायला लागली, अगदी हळू, श्वास मोजल्यासारखं. हिराबाईने त्या नावावर श्वास घेतला.

कासाच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी गळ्याची खूण बघितली आणि जास्त काही विचारलं नाही. उजव्या पंजावर सुई लावली. पडद्यावरची हिरवी रेघ बघत बघत, थांबत थांबत, औषध आत सोडलं. मग हिराबाईची करंगळी हलली. मग शेजारचं बोट. एकेक बोट सुटत गेलं तसं चैत्याने भिंतीला पाठ लावली आणि तो तिथेच खाली बसला.

डॉक्टरबाई वापीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून आल्या. "मावशी, आज कॅल्शियमच्या गोळ्या किती वेळा घेतल्या?"

"आज जेवलेच नाही ना बाई," हिराबाई म्हणाली. जीभ अजून जड होती. "मग गोळी कशी घेणार?"

डॉक्टरबाईंनी स्टूल ओढून तिच्याजवळ घेतलं.

"ते पूर्वी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पूर्वी ती गोळी जेवणासाठी होती. आता ती तुमच्या हाडांसाठी आहे. इतकी वर्षं त्या गाठींनी हाडांतून ओढून नेलं. आता गाठी नाहीत, तर हाडं भुकेलेल्या माणसासारखी रक्तातलं सगळं कॅल्शियम ओढून घेतायत. म्हणून बाहेरून द्यायचं, नी रिकाम्या पोटीच द्यायचं. नाही दिलं तर हातपाय वळतात. त्याच्यापुढे श्वास अडकतो, हृदय सुद्धा थांबू शकतं."

"नी उपास?"

"उपास आता नाही. पुढे कधी, ते वापीचे डॉक्टर सांगतील."

व्हरांड्यात निलम खांबापाशी उभी होती. प्रविण येऊन शेजारी थांबला. आता तो बोल लावणार, असं तिला वाटलं.

"सकाळी मीच म्हटलं, सोडू नका म्हणून," ती म्हणाली.

"डबा मी पण उघडून बघितला नाही." त्याने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. "आई गोळी चुकवणार नाही, असंच वाटलं ना आपल्याला. नी तिने चुकवली पण नाही. तिच्या हिशोबाने बरोबरच होतं सगळं."

दुसऱ्या दिवशी हिराबाईला पुन्हा वापीला नेलं. खिडकीतून पुलावरची वर्दळ दिसायची. निलम तिचे केस विंचरत होती.

"भाऊजी गेले काय गं घरी?"

"शेवटच्या जीपने गेले, बाबा म्हणाले. जमनाकाकीने काकडीचा डबा पण परत नेला. वाढलेला होता तो ताटातून काढून."

"रागावली की डबा नेते. माझ्या बारशाचा... नाही, प्रविणच्या बारशाचा पण नेलेला." हिराबाई हसली आणि लगेच थांबली. "त्यांना काय वाटत असेल गं? देवी आली होती नी आपण तिला हाकलली. आता माझा मंगळवार पण गेला. लक्ष्यासाठी होतं नव्हतं ते या घराने काढून घेतलं, असंच वाटणार."

फणी थांबली. "आई, मंगळवार मी धरते."

"तुझा सोमवार, गुरुवार. त्यात मंगळवार. मग जेवणार कधी तू?"

"बाकीचे आहेत ना चार."

"चार पुरतात काय तुला? लग्नात पानावर चार जिलब्या जास्त मागितलेल्यास तू, मी बघितलंय." हिराबाईने तिचा हात धरला. बोटांत अजून जोर नव्हता. "पण नुसता धरून चालणार नाही. त्यांच्या समोर जाऊन सांग. तुमच्या वहिनीने दिला नी मी घेतला, असं सांग. फोनवर नाही. तोंडाने."

निलमच्या डोळ्यांपुढे मातीने भरलेलं कपाळ आलं. "काका मला दारात उभं करणार नाहीत."

"नाही करणार. जाशील?"

"जाईन."

"नी त्यांनी पुन्हा विचारलं, तुला कसं कळलं, तर?"

"तर काय सांगू, आई?"

"खरं ते सांग."

खरं एवढंच होतं, की तिला कळलं नव्हतं. ती घाबरली होती, आणि तिने दिवा खाली ठेवला होता. हे ती कुणालाच बोलली नव्हती, नवऱ्याला सुद्धा. आता देवघरापुढे बसून काय म्हणायचं? माफी मागायची, तर कशाची? ती आली होती म्हणून, की नव्हती म्हणून? निलमने सासूची वेणी घातली, आणि टोकाला गाठ मारली.

पुढच्या मंगळवारी हिराबाई घरी होती. उजाडताच निलमने तिला उठवून गोळ्या दिल्या. जेवणाच्या कितीतरी आधी, नुसत्या पाण्याच्या घोटाबरोबर. गिळेपर्यंत समोर बसून राहिली. हिराबाईने तोंड उघडून दाखवलं, लहान मुलासारखं, आणि मशीनच्या हाताने सुनेच्या गालाला हात लावला. मनगटावर मशीनसाठी जोडलेल्या शिरेची थरथर निलमला गालावर जाणवली.

तिने दिवा लावला. देवीपुढे बसली, पण काही मागितलं नाही. चूल पेटवून सगळ्यांचा चहा केला, आपला कप पालथा ठेवला, आणि पायात चपला घातल्या.

प्रविण आंगणात दात घासत होता. "कुठे?"

"उधव्याला."

"मी येऊ?"

"नको. तुम्ही आलात तर काका तुमच्याशी भांडतील, नी माझं राहूनच जाईल."

"नी दार नाही उघडलं तर?"

"ओट्यावर बसेन. दिवे लागेपर्यंत मला कुठे जेवायला जायचंय?"

नाक्यावर तलासरीची जीप उभी होती, अर्धी रिकामी. उधव्याला उतरायचं सांगून निलम मागच्या बाकावर बसली. ड्रायव्हर अजून एखादं माणूस येतं का बघत होता. उतरावंसं वाटलं तर उतरायला अजून वेळ होता. तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. कोपऱ्यावर एक म्हातारी टोपली घेऊन लगबगीने येताना दिसली, तशी तिने सरकून जागा केली.

"ताई, उधव्याला कुणाकडे जायचं?" चावी फिरवत ड्रायव्हरने विचारलं.

"घरीच," निलम म्हणाली.